‘काही त्रास नाही ना?’

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, रक्त काढण्याच्या खिडकीला लागून एक लहानशी खोली आहे. एक टेबल, तीन खुर्च्या, वजनकाटा, कुलूप लावलेला फ्रीज आणि त्याच्या दारावर रोजचं तापमान लिहायचा कागद. या खोलीत ती गेली कित्येक वर्षं नव्या औषधांच्या चाचण्यांची समन्वयक म्हणून काम करते आहे. तपासणं, निर्णय घेणं आणि सही करणं डॉक्टरांकडे. उरलेलं सगळं तिच्याकडे. फोन करून बोलावणं, येण्याजाण्याचे पैसे देणं, इंजेक्शनचं पेन पोटावर कसं टेकवायचं ते दाखवणं, वापरलेली पेनं मोजून परत घेणं. आणि दर खेपेला विचारणं, की मधल्या दिवसांत काय काय झालं.

वजन कमी करण्याच्या एका नव्या इंजेक्शनची चाचणी तिच्याकडे आली, तेव्हा या विचारण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं तिला वाटत होतं. तीन महिन्यांनी कागद तपासायला कंपनीचा मॉनिटर आला. फायली चाळता चाळता थांबला आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे मळमळ फक्त दोघांना? तुमचे पेशंट काय लोखंडाचे आहेत का?”

ती चिडलीच. जे सांगितलं ते लिहिलं, आणखी काय करायचं? मग परवानगी घेऊन तो एका भेटीच्या वेळी कोपऱ्यात बसला. समोर साठीकडे झुकलेल्या एक बाई होत्या. हिने नेहमीसारखं हसून विचारलं, “काय मावशी, काही त्रास नाही ना?” मावशी म्हणाल्या, “नाही गं बाई.” हिने ‘नाही’ लिहिलं आणि पान उलटलं. मॉनिटर काही बोलला नाही. त्याला बोलावंच लागलं नाही.

मराठीत हा प्रश्न आपण विचारण्यासाठी विचारतच नाही. लग्नाच्या पंगतीत विचारतो, लांबच्या प्रवासाहून आलेल्या पाहुण्याला विचारतो, आजाऱ्याच्या उशाशी बसून विचारतो. शेवटचा तो ‘ना’ उत्तर आधीच देऊन ठेवतो. त्यावर “आहे, खूप त्रास आहे” असं म्हणणं म्हणजे समोरच्याचा मान न ठेवणं. तीन महिने ती चौकशी करत नव्हती, विचारपूस करत होती.

पुढच्या वेळी त्याच मावशींना तिने विचारलं, “काल रात्री काय जेवलात?”

“अर्धी भाकरी.”

“अर्धीच?”

“दुपारचंच उलटून पडलं होतं. मग भीती वाटते ना घास घ्यायला.”

चार मिनिटांत कळलं, की गेल्या महिन्यात उलटी पाच वेळा झाली होती. डोस वाढवला, की त्यानंतरचे तीन-चार दिवस वाईट जायचे. मावशींनी सुनेलासुद्धा सांगितलं नव्हतं.

अर्थात दुसऱ्या टोकालाही जाऊन चालत नाही. “मळमळतंय का?” असं थेट विचारलं, की बऱ्याच जणांना मळमळायला लागतं. वजन कमी करणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या ज्या मोठ्या चाचणीचे निकाल २०२१ मध्ये आले, तिच्यात १९६१ माणसं होती. औषध घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना मळमळ झाली, पण ज्यांच्या पेनात औषध नव्हतंच त्यांच्यातल्याही १७ टक्क्यांनी मळमळ होते म्हणून सांगितलं. ते खोटं बोलत होते असं नाही. माणसाला मळमळायला कारणं पुष्कळ असतात, आणि दर महिन्याला कुणीतरी वही उघडून बसलं, की ती आठवतातही. म्हणून तर एवढा खटाटोप: कुणाला खरं औषध आणि कुणाला नुसतं पाणी हे तिलाही माहीत नसतं आणि डॉक्टरांनाही नसतं. निदान कागदोपत्री तरी नसतं. कारण सहा महिन्यांत ज्याच्या पँटचा पट्टा तीन भोकं आत गेला, त्याला आपल्या पेनात काय आहे ते कुणी सांगावं लागत नाही. या औषधांच्या चाचण्यांतली ही अडचण नियमावलीत सुटलेली दिसते, खोलीत सुटत नाही.

या कामाकडे ती वळली त्याचं मूळ औषधाच्या एका दुकानात आहे. फार्मसी करून ती पेठेतल्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर उभी राहायची. साल २००८. तेव्हा रिमोनाबँट नावाची वजन कमी करण्याची गोळी आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी मिळत होती. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई दर महिन्याला यायच्या. स्वभाव गमत्या, सुट्टे पैसे परत घेतानाही एखादी कोटी करायच्या. वजन उतरायला लागलं तसं त्या खूश होत्या. मग तीन-चार महिन्यांत त्यांचं बोलणं आटत गेलं. एकदा म्हणाल्या, “झोपच लागत नाही. उगाच रडू येतं.” हिने काउंटरवरूनच समजूत घातली, “या वयात होतं असं.” आणि गोळ्यांचं पाकीट पिशवीत घालून दिलं.

रिमोनाबँट मेंदूतल्या ज्या कड्या बंद करते, त्या भूक लागण्याच्या कामी येतात तशाच सुखावण्याच्याही. भुकेची आणि आनंदाची वाट तिथे एकाच गल्लीतून जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने जून २००७ मध्येच एकमताने या गोळीला नकार दिला होता. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार हे त्याचं कारण. युरोपने २००६ मध्ये दिलेली परवानगी ऑक्टोबर २००८ मध्ये स्थगित केली. आपल्याकडे बंदी आली डिसेंबर २००९ मध्ये. दुकानात यादी आली, मालकाने उरलेली पाकिटं खोक्यात भरून परत पाठवली. खोक्याला चिकटपट्टी लावताना तिला त्या बाई आठवल्या. तोवर त्यांचं येणं बंद झालं होतं. गोळीमुळेच तसं झालं असं म्हणता येत नाही, गोळीमुळे झालं नाही असंही नाही. प्रश्न कुणी विचारलाच नव्हता आणि जे आपणहून सांगितलं गेलं ते कुठे लिहिलं गेलं नाही. ‘या वयात होतं असं’ हे वाक्य तिने त्यानंतर कुणालाही ऐकवलेलं नाही.

चाचणीत ‘प्रतिकूल घटना’ म्हणजे काय याची व्याख्या नवख्या माणसाला विनोदी वाटते. औषध घेत असताना आरोग्याच्या बाबतीत जे जे वाईट घडेल ते सगळं. स्कूटरवरून पडून मनगट मोडलं, लिहायचं. दाढ काढली, लिहायचं. सुरुवातीला तिला हे हास्यास्पद वाटे. मग कात्रजकडचे एक गृहस्थ महिन्याभरात दोनदा पायऱ्यांवरून घसरले. दोन्ही वेळा “अंधार होता” म्हणाले. त्यांचा रक्तदाब उभं करून मोजला तर झपकन खाली येत होता. वजन उतरलं होतं, पाणी पिणं कमी झालं होतं आणि रक्तदाबाची जुनी गोळी मात्र जुन्याच वजनाच्या हिशेबाने चालू होती. अंधाराचा दोष नव्हता.

मराठी शब्द आणि फॉर्मवरचे इंग्रजी शब्द यांची गाठ घालणं हा तिच्या कामाचा सगळ्यात आवडता भाग. पेशंट जे शब्द वापरतो ते तसेच आधी लिहून ठेवायचे, हा नियम तिने स्वतःपुरता केला आहे. मळमळ वेगळी, उमासे वेगळे, आणि ‘पोटात डचमळतं’ हे त्याहून वेगळं. अन्नावरची वासना उडाली म्हणणारा आणि भूक नाही म्हणणारा, हे दोघे एकच गोष्ट सांगत नसतात. या औषधांनी जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून ‘सकाळचे पोहे संध्याकाळी ढेकरेत येतात’ ही तक्रार तिने पुष्कळदा ऐकली. सडक्या अंड्यासारख्या वासाच्या करपट ढेकरांबद्दल तर लोक दार लावून घेऊन, हळू आवाजात सांगतात.

एका बाईंनी सांगितलं, “अंग हुळहुळतं.” म्हणजे खाज सुटते का? नाही. आग होते? नाही. मुंग्या येतात? तेही नाही. “साडी टेकली तरी नको वाटतं. नवं कातडं आल्यासारखं.” हिने तो शब्द तसाच लिहिला आणि डॉक्टरांना दाखवला. इंग्रजीत त्याला योग्य नाव मिळायला पंधरा मिनिटं लागली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये रेटाट्रुटाइड या अजून चाचणीतच असलेल्या औषधाच्या एका मोठ्या चाचणीचे आकडे जाहीर झाले. ६८ आठवड्यांत वजन चौथ्या हिश्शाहूनही अधिक उतरलं होतं आणि सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांपैकी सुमारे पाचांतल्या एकाने स्पर्शाच्या विचित्र संवेदनेची तक्रार केली होती. ते वाचताना तिला पहिल्यांदा आठवला तो ‘हुळहुळतं’ हा शब्द. इंग्रजी नाव तिला अजूनही स्पेलिंग बघून लिहावं लागतं.

बाकीच्या चाचण्यांत माणसं त्रास वाढवून सांगतात असा तिचा अनुभव. सांधेदुखीच्या औषधाच्या चाचणीत तर डोकेदुखीसुद्धा गोळीच्या माथी मारतात. वजनाच्या चाचणीत उलटं. इथे माणसं त्रास लपवतात.

एकतिशीची एक मुलगी होती. घरी लग्नाचं बघत होते. दोन ठिकाणांहून वजनावरून नकार आलेला. पाच महिन्यांत अकरा किलो उतरले तेव्हा तिच्या आईने या खोलीत पेढे आणले होते. घरी रोज भरायच्या डायरीत सगळीकडे ‘नाही, नाही, नाही’. समन्वयक डायरी उलटसुलट करून बघत राहिली. तीस दिवसांची पानं, पण शाई एकच, अक्षर एकाच लयीत, आणि मागच्या पानावर उमटलेला दाबही सारखा. रोज रात्री लिहिलेली डायरी अशी दिसत नाही. तिच्यात एखादं पान पेन्सिलीचं असतं, एखाद्यावर चहाचा डाग असतो. ही डायरी त्याच दिवशी सकाळी बसून भरली होती. तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला, पोटॅशियम खाली गेलेलं. मुलीला आत बोलावलं, आईला बाहेर बसवलं. आठवड्यातून तीन-चार वेळा उलट्या होत होत्या. नळ सोडून उलटी करायची म्हणजे घरात आवाज जात नसे.

“सांगितलं असतं तर मला काढून टाकलं असतं ना तुम्ही.”

काढलं नाही. डोस थांबवला, मग खालचा सुरू केला. तशी सोय त्या चाचणीच्या नियमांत होती. ही सोय असल्याचं संमतीपत्रात होतं, पण बऱ्याच पानांच्या त्या संमतीपत्रातलं एक वाक्य कोण लक्षात ठेवतं? तेव्हापासून ती पहिल्याच दिवशी तोंडाने सांगते: त्रास सांगितला म्हणून तुम्हाला कुणी हाकलून देणार नाही, औषध थांबवावं लागलं तरी तपासणी आणि उपचार थांबत नाहीत.

या लपवण्याचा तिला राग येत नाही, कारण त्याची चव तिला ठाऊक आहे. तिचं स्वतःचं वजन तेव्हा ८४ किलो होतं. फ्रीजची किल्ली तिच्याच पर्समध्ये. समोरची माणसं डोळ्यांदेखत सुटसुटीत होत होती. एका संध्याकाळी, खोलीत कुणी नसताना, तिने फ्रीज उघडला आणि पेनांच्या खोक्यांकडे जरा जास्तच वेळ बघत उभी राहिली. पेन न् पेन मोजलेलं असतं, त्यामुळे काही करणं शक्यही नव्हतं. पण पेनं मोजलेली नसती तर काय केलं असतं, याचं उत्तर द्यायला ती अजून तयार नाही.

सगळ्यात मोठा धडा एका शुक्रवारचा. हडपसरहून एका पेशंटच्या मुलाचा फोन आला. “आई मंगळवारी येणार नाही.”

“का?”

“पित्ताशयात खडे निघाले. परवा रात्री जोरात दुखलं, इथल्याच नर्सिंग होममध्ये ठेवलंय. उद्या ऑपरेशन.” आणि वर, “तुमच्या इंजेक्शनचा त्याच्याशी काही संबंध नाही हो.”

तिने घड्याळ बघितलं, चार वाजून चाळीस मिनिटं. रुग्णालयात भरती व्हावं लागलं, की ती घटना ‘गंभीर’ ठरते, आणि २०१९ च्या नियमांप्रमाणे प्रमुख संशोधकाने गंभीर घटना २४ तासांच्या आत केंद्रीय परवाना अधिकारी, चाचणी करणारी कंपनी आणि नीतिसमिती या तिघांना कळवायची असते. उशीर झाला तर त्याचं कारण द्यावं लागतं. इथे मुदत केव्हाच उलटून गेली होती. तिने डॉक्टरांना फोन केला आणि रिक्षा पकडली. नर्सिंग होमचे डॉक्टर वैतागले, “कसली चाचणी? आम्हाला कुणी बोललं नाही.” वैतागणं बरोबरच होतं. उपाशीपोटी भूल द्यायची म्हटलं तरी या औषधामुळे पोट रिकामं झालेलंच असेल याची खात्री नसते. भूल देणाऱ्याला हे आधी कळायलाच हवं. ते ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कळलं, तेही मुलाने मंगळवारची वेळ रद्द करायला फोन केला म्हणून.

प्रत्येक सहभागीला ती एक कार्ड देते. ‘मी औषधाच्या चाचणीत आहे, अडचण आल्यास या क्रमांकावर कळवा.’ या बाईंचं कार्ड कुठे होतं? कपाटात, पैठणीच्या घडीखाली, फिक्स्ड डिपॉझिटच्या पावतीबरोबर. महत्त्वाचा कागद म्हणून जपून ठेवलेला. आता ती कार्ड हातात देतच नाही. पेशंटचा मोबाइल मागून घेते आणि कव्हरच्या आत स्वतःच्या हाताने सरकवते.

खडे औषधाने झाले, की वजन झपाट्याने उतरल्याने? दोन्हीची सांगड असते. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीत पित्ताशयाच्या तक्रारी औषध घेणाऱ्यांत २.६ टक्के आणि इतरांत १.२ टक्के होत्या. बाईंच्या फॉर्मवर डॉक्टरांनी ‘संबंध शक्य’ असं लिहिलं. मुलाचं मात्र शेवटपर्यंत म्हणणं होतं, की आईला तेलकट आवडतं म्हणून झालं.

परदेशात बसून ज्यांनी फॉर्म तयार केले त्यांना उपास माहीत नसतो. संकष्टीला दिवसभर पोटात काही नाही आणि चंद्रोदयानंतर दोन मोदक, तूप घालून. सावकाश चालणाऱ्या पोटाला ते झेपत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयात तिने पेशंटच्या तारखांशेजारी चतुर्थ्या आणि एकादश्याही लाल पेनाने गोल केल्या आहेत. एक काका आषाढात वारीला गेले ते दोन आठवडे डोस न घेताच परतले. पेन थंड कुठे ठेवणार होते?

ज्या डॉक्टरांच्या हाताखाली ती हे शिकली, ते निवृत्त होण्याआधी नव्या मुलांना वजनाच्या औषधांच्या जुन्या गोष्टी सांगत. १९३३ पासून अमेरिकेत वजनासाठी डायनायट्रोफेनॉल दिलं गेलं. दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगार त्याच्या संपर्कात येऊन बारीक होत हे आधीच दिसलेलं होतं. माणसं आतून तापून मेली, काहींना मोतीबिंदू झाले. १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं, कारण हृदयाच्या झडपा बिघडलेल्या २४ बायकांची नोंद डॉक्टरांनी ताडून बघितली. सिबुट्रामिनचा धोका कळायला दहा हजारांच्या आसपास माणसांची चाचणी लागली. आपल्याकडे त्यावर बंदी आली २०११ मध्ये. लोरकासेरिन २०२० मध्ये मागे घेतलं गेलं. बारा हजारांच्या चाचणीत कॅन्सरचं प्रमाण ७.७ विरुद्ध ७.१ टक्के निघालं. एवढासा फरक एका खोलीत, एका वहीत कधीच दिसत नाही. आणि एप्रिल २०२५ मध्ये डॅनुग्लिप्रॉन या गोळीचं काम कंपनीने थांबवलं, कारण एका सहभागीच्या यकृताला औषधाने इजा झाली असावी असं दिसलं. औषध बंद केल्यावर तो माणूस बरा झाला. हजारांच्या गर्दीतली एक नोंद, पण कुणीतरी ती धड लिहिली होती.

तिला ही नवी इंजेक्शनं वाईट वाटतात असं कुणी समजू नये. मधुमेह आटोक्यात आलेले, गुडघ्यांनी पुन्हा जिना चढणारे लोक तिने पाहिले आहेत. सेमाग्लुटाइडने हृदयविकार असलेल्या, वजन जास्त असलेल्या माणसांत झटक्यांचं आणि अशा दुखण्यांनी होणाऱ्या मृत्यूंचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटल्याचं सतरा हजारांवर माणसांच्या चाचणीत सिद्ध झालं आहे. तिचं भांडण आहे ते ‘काही साइड इफेक्ट नाही हो’ या वाक्याशी. आणि अर्धवट सांगण्याशीही. एक निवृत्त एसटी चालक चाचणीत सोळा किलो उतरले होते. चाचणी संपली, पेनं संपली. सव्वा वर्षाने दुसऱ्याच कामासाठी आले आणि आपणहून काट्यावर उभे राहिले. दहा किलो परत आले होते. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत येतो हे तोवर छापूनही आलं होतं. पण त्यांना ते पहिल्या दिवशी कुणी नीट समजावलं नव्हतं. म्हणजे तिनेच.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड हे असंच इंजेक्शन आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं, आणि खोलीबाहेरची माणसं तिला विचारायला लागली. त्यातला एक ओळखीतला, जिमला जाणारा, विशीतला मुलगा. त्याने खिशातून काचेची बोटभर कुपी काढली. आत पांढरी भुकटी, वर इंग्रजीत ‘फक्त संशोधनासाठी’. मोबाइलवरच्या एका मेसेजात लिहिलं होतं तेवढं पाणी घालून तो ती टोचून घेत होता. नाव, अजून चाचणीतच असलेल्या त्याच रेटाट्रुटाइडचं. आत खरोखर काय होतं ते ईश्वर जाणे.

“जेवण कसं चाललंय?” तिने विचारलं.

“परवापासून काही गेलं नाही. पाणी प्यायलं तरी उलटतं.”

सवयीने तिने वही पुढे ओढली आणि थांबली. कुपीवर बॅच क्रमांक नव्हता, डोस सांगणारा डॉक्टर नव्हता, कळवायला कंपनी नव्हती. फॉर्मवरचे तीन रकाने तिथेच कोरे. तिने त्याला हाताला धरून खाली तातडीच्या विभागात नेलं आणि सलाईन लागेपर्यंत थांबली.

डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध रीतसर दुकानातून घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. अशा इंजेक्शनचं खोकं आणि बिल टाकून देऊ नका, बॅच क्रमांक त्यावर असतो. कुठलंही ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा. थांबत नसलेल्या उलट्या, पाठीत जाणारी पोटदुखी किंवा अचानक अंधुक दिसणं, यांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि जे होईल ते कळवा: देशाच्या औषध सुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे. कळवण्याचा फॉर्म मराठीतही मिळतो, आणि तो पेशंटला स्वतः भरता येतो.